पीपीएफ लावली, आता सांभाळायची कशी?

नव्या गाडीला पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे सगळे जिला पीपीएफ म्हणतात ती, लावून घेतली की बहुतेकांना वाटतं, रंगाची चिंता मिटली. रंगाची खरंच बरीचशी मिटते. पण ऊन, खडे, चिखल आणि पक्ष्यांची विष्ठा आता फिल्म झेलते, आणि फिल्मची प्रकृती रंगापेक्षा वेगळी आहे. जोर लावून घासणं, पॉलिश मारणं, हाताला लागेल ते वॅक्स चोळणं या सवयी रंगाने वर्षानुवर्षं सोसल्या असतील, फिल्म त्या सोसत नाही. ती मऊ आहे, काही द्रव्यं शोषून घेते आणि गोंदाच्या जोरावर टिकून आहे. एवढं लक्षात घेतलं की काय करावं आणि काय टाळावं याची यादी पाठ करायची गरज उरत नाही.

ही कल्पना मुळात गाड्यांसाठी जन्मली नाही. 1960 च्या दशकात व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळू आणि खड्यांच्या माऱ्याने झिजायची. पात्यांच्या कडांवर पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म चिकटवायला तेव्हा सुरुवात झाली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि नंतर रोजच्या गाड्यांवर. काम तेव्हाही हेच होतं: मार स्वतः खायचा आणि खालचा पृष्ठभाग वाचवायचा.

आजच्या चांगल्या फिल्मचा मुख्य थर थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा, म्हणजे टीपीयूचा असतो. फिल्मची जाडी साधारणपणे 150 ते 200 मायक्रॉन असते. माणसाचा केस जवळपास 70 मायक्रॉनचा असतो, म्हणजे फिल्म दोन-तीन केसांइतकी जाड झाली. गाडीचा कंपनीतून आलेला रंग प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापर्यंत, सगळा मिळून बहुधा 100 ते 150 मायक्रॉनचा असतो. त्यामुळे रंगाच्या सगळ्या थरांपेक्षाही फिल्म सहसा जाडच भरते. खडा आदळला की टीपीयू दबतो, ताणला जातो, आघाताचा जोर आजूबाजूला पसरवतो आणि पुन्हा जागेवर येतो. त्याच्या खाली ॲक्रिलिक गोंदाचा पातळ थर असतो आणि सगळ्यात वर टॉप कोट.

निगेचा खरा विषय हा टॉप कोट आहे. तो अगदी पातळ असतो, पण डाग रोखणं, पाणी ओघळू देणं, चकाकी आणि बारीक ओरखडे भरून येणं ही सगळी कामं त्याच्याकडेच असतात. तो झिजला की खाली टीपीयू शाबूत असतो, खडाही झेलतो, पण फिल्म मळकट दिसू लागते आणि प्रत्येक डाग धरून ठेवते. फिल्म लवकर खराब झाली अशी तक्रार येते तेव्हा अनेकदा टॉप कोट संपलेला असतो, आणि तो संपवण्यात चुकीच्या धुण्याचा मोठा वाटा असतो.

ओरखडे आपोआप कसे भरतात

सेल्फ हीलिंग हा शब्द जाहिरातींत इतका वापरला जातो की त्याची मर्यादा कोणी सांगतच नाही. टॉप कोट लवचिक पॉलिमरचा असतो आणि त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. धुताना कापडात अडकलेला कण फिरला की तिथलं द्रव्य बाजूला सरकतं, म्हणून रेघ दिसते. उष्णता मिळाली की साखळ्यांना हालचाल करता येते, त्या मूळ जागी परततात आणि रेघ पुसली जाते. भर उन्हात गाडी थोडा वेळ उभी राहिली किंवा त्या जागी गरम पाणी ओतलं की हे डोळ्यांदेखत घडतं. पाणी चांगलं गरम असावं, उकळतं नको.

मात्र हे सरकलेल्या द्रव्याबद्दल झालं. किल्लीने ओढलेली खोल रेघ, कुंपणाच्या तारेने कापलेली फिल्म किंवा खड्याने उडालेला तुकडा यांत द्रव्य कापलेलं किंवा नाहीसं झालेलं असतं. तिथे कितीही ऊब दिली तरी काही भरत नाही. अशा जागी घरी हीट गन धरू नये. जास्त तापमानाला फिल्म आक्रसते, चकाकी कायमची जाते आणि कापलेल्या कडा उलट्या वळतात. काप लहान असेल तर तसाच राहू द्यावा; त्याच्या खालचा रंग वाचला, म्हणजे फिल्मने काम केलं. काप मोठा असेल आणि त्यातून धूळ-पाणी आत जात असेल, तर तेवढ्या भागाची फिल्म बदलून घ्यावी.

पहिले काही आठवडे

फिल्म ओलीच लावतात. आधी साबणाच्या पाण्यावर ती सरकवून जागेवर बसवतात, मग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, पाणी बाहेर काढतात. कितीही सफाईने काम केलं तरी थोडा ओलावा आत राहतो. तो हळूहळू फिल्ममधून आणि कडांमधून उडून जातो आणि तसतसा गोंद घट्ट होत जातो. म्हणून पहिल्या दिवसांत धुकट ठिपके, पाण्याचे लहान फुगे किंवा ढगाळ पट्टे दिसले तर घाबरायचं कारण नाही. कोरड्या, उबदार हवेत ते लवकर जातात. थंड किंवा दमट हवेत महिनाभरही लागू शकतो.

या काळात सुई टोचून फुगा फोडायचा मोह होतो. कृपा करून फोडू नका. सुईचं भोक कायम राहतं आणि त्यातून मळ आत जातो. बोटाने दाबत बसणंही नको, कारण मऊ गोंदावर दाबाची खूण उमटते. पहिला आठवडाभर गाडी धुऊ नये आणि प्रेशर वॉशर पहिले दोन आठवडे तरी दूर ठेवावा. फिल्म लावणाऱ्याने याहून जास्त मुदत सांगितली असेल तर त्याचं ऐकावं, कारण कोणता गोंद आहे ते त्याला ठाऊक असतं. मधल्या काळात पक्ष्याने घाण केली तर थांबू नका. ओलं मऊ कापड ठेवून ती हलकेच उचला. फुगे ओलाव्याचे नसून आत कचरा किंवा हवा अडकल्याचे असतील तर ते आपोआप जाणार नाहीत. महिन्याने ते तसेच दिसले, तर गाडी जिथून फिल्म लावली तिथे दाखवायला न्यावी.

धुणं: इथेच सगळं ठरतं

फिल्मला सगळ्यात जास्त इजा होते ती कोरडी धूळ पुसण्याने. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते टॉप कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडं फडकं फिरवलं की प्रत्येक कण त्या मऊ थरावर रेघ ओढत जातो. काही रेघा उन्हात भरतील, पण रोज सकाळी फडका मारला तर थर झिजणारच. गाडी दोन दिवस धुळकट दिसली तरी चालेल, कोरडं पुसणं नको.

धुताना गाडी सावलीत असावी आणि बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. तापलेल्या पृष्ठभागावर साबण आणि पाणी सुकून डाग सोडतात. आधी नुसत्या पाण्याने मळ वाहून जाऊ द्यावा. या पायरीला घाई करू नये, कारण जेवढा मळ पाण्याने जाईल तेवढा पुढे हाताने घासावा लागत नाही. मग सामू तटस्थ असलेला गाडीचा शॅम्पू घ्यावा, म्हणजे बाटलीवर पीएच न्यूट्रल असं लिहिलेला. भांडी घासण्याचं द्रव तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेलं असतं. ते वारंवार वापरलं तर फिल्मवर दिलेलं संरक्षक द्रव्यही निघून जातं. कपडे धुण्याची पावडर तर अजिबात नको. ती तीव्र अल्कधर्मी असते आणि तिचे न विरघळलेले कण घासले जातात ते वेगळंच.

बादल्या दोन ठेवाव्यात, एक शॅम्पूच्या पाण्याची आणि दुसरी नुसत्या पाण्याची. मायक्रोफायबरचा हातमोजा एका भागावर फिरवला की आधी नुसत्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच पुन्हा शॅम्पूत बुडवायचा. एकच बादली असेल तर काढलेला मळ त्याच पाण्यातून पुन्हा गाडीवर येतो. वरून खाली यावं, कारण सगळ्यात खरखरीत मळ दारांच्या खालच्या भागावर आणि बंपरवर असतो. चाकांसाठी वेगळं कापड ठेवावं, ब्रेकची लोखंडी भुकटी त्यात अडकते. हात गोल गोल न फिरवता सरळ रेषेत फिरवावा आणि दाब द्यायचाच नाही, मोज्याचं वजन पुरतं.

प्रेशर वॉशर चालतो, पण नीट वापरला तर. धार पंख्यासारखी पसरणारी असावी. एका बिंदूवर येणारी किंवा गरगर फिरणारी धार फिल्मवर नको. नोझल किमान 30 सेंटिमीटर लांब असावं आणि फिल्म जिथे संपते त्या कडेजवळ त्याच्या दुप्पट. अंतराहूनही महत्त्वाची आहे ती दिशा. तिरपी धार कडेच्या खाली शिरली तर तिथला गोंद सुटतो. धार फिल्मच्या मधल्या भागाकडून कडेकडे जाऊ द्यावी, कडेकडून आत कधीही नाही. भाड्याने धुऊन देणाऱ्या ठिकाणी गाडी दिली तर फिल्म आहे हे तोंडाने सांगावं, कारण चांगली लावलेली फिल्म धुणाऱ्याला दिसतच नाही. ब्रशवाली स्वयंचलित धुलाई मात्र टाळावीच. आधीच्या गाडीचा चिखल त्या ब्रशांत असतो आणि ब्रशचे दात कडा उचकटतात. ब्रश नसलेल्या स्वयंचलित धुलाईत मळ काढायचं काम तीव्र रसायनांवर सोडलेलं असतं. ती कधीतरी ठीक, नेहमीची नको.

पुसताना मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल गाडीवर पसरून अलगद उचलावा, ओढू नये. आरशांच्या खाली, हँडलमागे आणि फिल्मच्या कडांत पाणी साचतं तेही टिपून घ्यावं. हे टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये. त्याचा लेप धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

डाग

फिल्म काचेसारखी बंद नसते. पॉलियुरेथेन काही रंगद्रव्यं आणि तेलं शोषून घेतं, आणि टॉप कोट जितका झिजलेला तितकं जास्त. म्हणून डाग काढताना ताकदीपेक्षा वेळ मोलाचा. तासाभरात काढलेला डाग पाण्याने जातो, आठवडाभर उन्हात भाजलेला कशानेच पुरता जात नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं. लांबच्या प्रवासानंतर बंपरवर चिकटलेल्या किड्यांतले आम्लधर्मी रस आणि प्रथिनंही उन्हात टॉप कोट खातात. दोन्हींचा उपाय एकच आहे. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ कापड डागावर पाच-दहा मिनिटं ठेवावं. मळ फुगून सैल होतो, मग तो उचलून घ्यावा आणि पाणी मारावं. सुकलेली विष्ठा नखाने खरवडली तर तिच्यातले बियांचे आणि खड्यांचे कण फिल्म कापतात. प्रवासाहून आलं की बाकी गाडी राहिली तरी बंपर आणि बॉनेटचा पुढचा भाग त्याच दिवशी धुवावा. वेळ कमी असेल तेव्हा माझा आग्रह एवढ्याच कामाचा असतो.

झाडाचा चीक आणि रस्त्याचं डांबर पाण्याला दाद देत नाही. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं मिसळून कापडावर घ्यावं, डागावर थोडा वेळ ठेवावं, पुसावं आणि लगेच धुवावं. डांबर काढण्याचं तयार द्रव वापरायचं तर ते फिल्मला चालतं असं बाटलीवर लिहिलेलं असावं आणि आधी कोपऱ्यातल्या लहान जागी लावून पाहावं. पेट्रोल, रॉकेल, थिनर आणि ॲसिटोन यांतलं काहीही नको. ही द्रावणं फिल्ममध्ये मुरतात, ती फुगते, गोंद मऊ होतो आणि वरचा थर कायमचा पांढुरका पडतो. इंधन भरताना झाकणाजवळ थेंब सांडले तर तेही लगेच पाण्याने धुवावेत.

जड पाण्याचे गोल डाग हा वेगळा प्रकार आहे. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापड ओलं करावं, डागावर मिनिटभर ठेवावं आणि भरपूर पाण्याने धुवावं. ताजे क्षार सौम्य आम्लात विरघळतात. तरीही कडी दिसत राहिली तर क्षारांनी टॉप कोट कोरला आहे असं समजावं आणि घासणं थांबवावं. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात ते बहुधा गंजलेले लोखंडाचे कण असतात, ब्रेकमधून किंवा रेल्वेच्या रुळांजवळून आलेले. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. ते लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं. बहुतेक फिल्मना ते चालतं, पण पृष्ठभागावर सुकू देऊ नये. क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ ओढून काढणारी मातीसारखी वडी, मात्र फिल्मवर मी सुचवणार नाही. रंगावर तो चांगलं काम करतो, इथे बारीक रेघा सोडतो आणि कडा उचलतो.

वॅक्स, सिरॅमिक, पॉलिश

रंगाचं पॉलिश म्हणजे बारीक अपघर्षक. क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, त्यातला एखाद-दुसरा मायक्रॉन घासून समतल करतात. फिल्मचा टॉप कोट त्याहून पातळ असतो, शिवाय मशीनच्या घर्षणाने तो तापून भाजतो. म्हणून कंपाउंड, म्हणजे जाडसर पॉलिश, आणि मशीन पॉलिश जवळजवळ कधीच नको. अपवाद करायचाच तर तो फिल्म लावणाऱ्याच्या हातून.

संरक्षण द्यायला पातळ सिंथेटिक सीलंट किंवा सिलिका असलेला स्प्रे चांगला. पेट्रोलियम द्रावणं आणि रंग असलेली वॅक्स टाळावीत, ती मुरतात आणि पिवळी झाक आणतात. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे सुकून कडक होणारा पारदर्शक लेप, फिल्मवर देता येतं. त्याने पाणी आणि मळ पटकन घसरतो, धुणं सोपं होतं. खडा मात्र त्याने थांबत नाही. जाहिरातीत 9एच असा जो कठीणपणा सांगतात तो पेन्सिलने ओरखडून मोजायच्या चाचणीतला असतो, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय फिल्म ताणली जाते आणि फार कडक लेप तिच्याबरोबर ताणला जात नाही, म्हणून फिल्मसाठी बनवलेलंच लवचिक कोटिंग घ्यावं. ते फिल्मच्या वर द्यायचं असतं, खाली नाही. निसरड्या पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही.

मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या फिल्मला ही नेहमीची द्रव्यं चालत नाहीत. वॅक्स आणि चमक देणारे स्प्रे तिच्या बारीक खडबडीतपणात भरतात आणि तेलकट चट्टे दिसतात. तिच्यासाठी मॅटचाच शॅम्पू आणि मॅटचंच सीलंट घ्यावं.

कडा आणि पिवळेपणा

फिल्म जिथे संपते तिथे गोंदाची किंचित उघडी रेघ असते आणि तिला धूळ चिकटून काळी लकेर तयार होते. दर महिन्याला मऊ ब्रश आणि शॅम्पूने तेवढीच रेघ साफ केली तर ती साचत नाही. ब्रश कडेला समांतर फिरवावा, कडेच्या विरुद्ध नको. एखादा कोपरा उचललेला दिसला तर ओढू नका आणि घरातला गोंद लावू नका, फेव्हिक्विकसारखा तर मुळीच नाही, तो खालचा रंगच धरतो. खाली धूळ गेलेली नसेल तर दुकानात तो कोपरा पुन्हा बसवता येतो, म्हणून उशीर करू नये.

पिवळेपणाची कारणं तीन-चार असतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. सुरुवातीच्या काळातल्या अनेक फिल्म ॲरोमॅटिक पॉलियुरेथेनच्या होत्या. त्याच्या रेणूंतली कडी अतिनील किरण शोषतात आणि पिवळी पडतात. ॲलिफॅटिक प्रकारात ती कडी नसतात, म्हणून तो कितीतरी जास्त टिकतो. स्वस्त फिल्म अनेकदा पीव्हीसीच्या असतात. त्यांतलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि फिल्म पिवळी व ठिसूळ होते. गोंद पिवळा पडू शकतो तोही वेगळा. हे सगळं आतलं आहे आणि धुऊन जाणार नाही. पण बऱ्याचदा पिवळेपणा फक्त साचलेल्या मळाचा असतो. अल्कोहोल-पाण्याचं कापड एका लहान जागी फिरवून पाहावं. कापडाला रंग आला आणि ती जागा उजळली, तर मळ होता. काही फरक पडला नाही, तर फिल्म आतून म्हातारी झाली आहे.

ऊन हा तिचा कायमचा शत्रू आहे, त्यामुळे सावलीत गाडी लावणं हा निगेचा स्वस्त उपाय. कव्हर घालायचं तर गाडी धुतलेली आणि कोरडी हवी. धुळीवर कव्हर घातलं तर ते वाऱ्याने हलून सॅंडपेपरचं काम करतं, ओल्या गाडीवर घातलं तर दमटपणा कडांत मुरतो.

काढायची वेळ

चांगली फिल्म साधारण 5 ते 10 वर्षं टिकते. ती दिसायला ठीक आहे म्हणून त्यापुढे ठेवणं धोक्याचं आहे. म्हातारी फिल्म सलग निघत नाही. तिचे तुकडे पडतात, गोंद रंगावर राहतो आणि तो काढताना रंगाला इजा होते. बारीक भेगा, मोठ्या भागाचा पिवळेपणा किंवा कडांचा कडकपणा दिसू लागला की काढून घ्यावी.

काढताना फिल्म वाफेने किंवा हलक्या उष्णतेने गरम करतात, म्हणजे गोंद सैल होतो, आणि मग पृष्ठभागाला जवळजवळ समांतर राखून सावकाश ओढतात. काटकोनात जोराने ओढली तर रंगावर ताण येतो. कंपनीतून आलेला रंग भट्टीत पक्का केलेला असतो, तो सहसा टिकतो. अपघातानंतर पुन्हा रंगवलेला भाग मात्र फिल्मबरोबर निघून येऊ शकतो. म्हणून कोणता भाग पुन्हा रंगवला आहे हे काम करणाऱ्याला आधी सांगावं. नव्याने रंगवलेल्या भागावर फिल्म लावायची असेल तर किमान महिनाभर थांबावं, तोवर रंगातली द्रावणं बाहेर पडत असतात आणि फिल्मखाली फुगे येतात.

फिल्मचं नाव, लावल्याची तारीख आणि हमीचा कागद गाडीच्या कागदांबरोबरच ठेवावा. हमीत कडा, चुकीची धुलाई आणि रसायनांचे डाग बहुधा वगळलेले असतात, म्हणून त्यातल्या अटी फिल्म लावतानाच वाचाव्यात. गाडी विकली तर नव्या मालकालाही तो कागद द्यावा, म्हणजे बॉनेटवर नेमकं काय आहे आणि ते कधी काढायचं हे त्याला कळेल.